परसबाग मुलांची की फोटोची?

पोषण आहाराच्या वेळी मुलांच्या ताटांकडे जरा बघा. खिचडी संपलेली असते, पण त्यातलं गाजर, कोथिंबीर, पालेभाजी ताटाच्या कडेला नीट वेचून ठेवलेली असते. "भाजी खा, ताकद येते" असं आपण रोज सांगतो. नुसतं सांगून भाजी पोटात जात नाही. स्वतः पेरलेली मेथी असली की तेच मूल निदान चव तरी घेऊन बघतं. माझ्या मते शाळेतल्या परसबागेचा खरा उपयोग हाच आहे.

परसबागांच्या स्पर्धा होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण स्पर्धा जवळ आली की वाफे मोठी माणसं करतात, रोपं रोपवाटिकेतून तयार येतात आणि मुलांच्या हातात फोटोपुरती झारी येते. अशा बागेला बक्षीस मिळेल, पण मुलांची भाजीशी ओळख होणार नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांना धीर कमी असतो. म्हणून सुरुवात मेथीने करावी. ती चार-पाच दिवसांत उगवते आणि साधारण महिन्याभरात काढायला येते. मग मुळा, पालक. वांगी, टोमॅटो नंतर. जागा नसेल तर तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून माती भरा. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला. बिया मोजणं, रोपाची उंची पट्टीने मोजून वहीत लिहिणं, यात गणितही होतं आणि परिसर अभ्यासही.

काही पालक म्हणतात, "आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, माती उकरायला नाही." त्यांची काळजी समजते. ज्यांचं आयुष्य शेतात राबण्यात गेलं, त्यांना तसं वाटणारच. म्हणून काम रोज दहा-पंधरा मिनिटांचंच असावं, सगळ्यांना पाळीपाळीने मिळावं आणि शिक्षा म्हणून तर कधीच देऊ नये. हाताने काम करत शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी तोच मांडला होता.

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. काढलेली भाजी स्वच्छ धुऊन त्याच दिवशी मुलांच्या जेवणात यावी. आणि खाण्याची सक्ती नको. एक घास चाखला तरी पुरे, आवडली नाही तर पुढच्या वेळी बघू.

पालकांनो, घरी खिडकीत एक कुंडी ठेवा. पाणी मुलालाच घालू द्या. आणि त्यातली भाजी ताटात आली की त्याच्यासोबत तुम्हीही खा.