अर्ध्या सेंटिमीटरचा चिवडा

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. आयटीत आहे. नोकरी, लग्न, घराचं लोन, सगळं कसं शिस्तीत वेळेवर झालं आणि मग एक दिवस तिने फॅमिली ग्रुपवर एका पिल्लाचा फोटो टाकला. दहा आठवड्यांचं पिल्लू. एका रेस्क्यू सेंटरमधून आणलेलं. आई बॉर्डर कॉलीसारखी दिसणारी, बाप कोण ते देवाला ठाऊक. अंगावर पोहे, डाळं, शेंगदाणे, करपलेलं खोबरं अशा सगळ्या शेड्स. म्हणून नाव चिवडा.

पुढचं दीड वर्ष आमचा अख्खा खानदान एकाच प्रश्नावर चर्चा करत होता. चिवडा किती मोठा होणार?

तुम्ही म्हणाल, होईल जेवढा व्हायचा तेवढा. पण ताईला चिवड्याला ॲजिलिटीत उतरवायचं होतं. आणि त्या खेळात उंचीचा हिशेब सेंटिमीटरमध्ये चालतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानात पंधरा-वीस अडथळे मांडलेले असतात. उड्या, बोगदे, सी-सॉ, आणि ओळीत रोवलेले खांब, ज्यांच्यातून कुत्र्याने नागमोडी पळायचं. मालक बाजूने धावत नुसता आवाजाने आणि हातवाऱ्यांनी रस्ता सांगतो. पट्टा नाही, खाऊ नाही, हात लावायचा नाही. उडीवरची दांडी पडली की पाच फॉल्ट्स. १९७८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ऑलिम्पियात क्रफ्ट्सचा डॉग शो भरला होता. दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळेत प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल या दोघांनी घोड्यांच्या शो-जंपिंगवरून हा आयटम बसवला. टाइमपास म्हणून! लोकांना तो एवढा आवडला की १९८० मध्ये केनेल क्लबने त्याला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली.

आता उंचीची भानगड. पोमेरेनियन आणि जर्मन शेफर्डला एकच दांडी लावली तर तो खेळ नाही, छळ आहे. म्हणून गट पाडले. इंग्लंडमध्ये ३५ सेंमीपर्यंतचा कुत्रा स्मॉल, ४३ पर्यंत मीडियम, ५० पर्यंत इंटरमीडिएट आणि ५० च्या वर लार्ज. उड्या अनुक्रमे ३०, ४०, ५० आणि ६० सेंमीच्या. उंची मोजायची ती डोक्यापर्यंत नाही हं. मान संपते आणि खांद्याची हाडं वर येतात, त्या जागेपर्यंत. यातला इंटरमीडिएट गट २०२० मध्ये आला. त्याआधी ४३ च्या वर गेलात की थेट लार्ज. म्हणजे ४४ सेंमीचं मध्यमवर्गीय कुत्रं आणि ६० सेंमीचा धिप्पाड गडी, दोघांना एकच दांडी. जागतिक संघटनेनेही पुढे चौथा गट केला. तिथे रेषा ४८ सेंमीवर आहे. म्हणजे ४९ सेंमीचा कुत्रा इंग्लंडमध्ये इंटरमीडिएट आणि युरोपातल्या स्पर्धेत लार्ज. कुत्रा तोच, पासपोर्टही तोच.

चार महिन्यांचा असताना चिवड्याचं वजन आठ किलो भरलं. मध्यम अंगाच्या कुत्र्यांचं चौथ्या महिन्यात साधारण निम्मं वजन झालेलं असतं, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे सोळा-सतरा किलोचा गडी. पण वजनावरून उंची कळत नाही. बाप सापडला असता तर काही बोलता आलं असतं. ताईने मग किचनच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली. लहानपणी आजी आमच्या करायची तश्शा. दर रविवारी चिवडा दारात उभा, डोळे बिस्किटाच्या डब्यावर, आणि ताई फूटपट्टी घेऊन मागे.

इकडून सल्ल्यांचा पाऊस. मावशीचा पहिला मेसेज : ‘अगं, कॅल्शियम सुरू केलंस का?’ आपल्याकडे कुत्र्याचं पिल्लू घरात आलं की दुसऱ्या दिवशी कॅल्शियमची बाटली येते. माझ्या पुण्यातल्या अर्ध्या मित्रमंडळींकडे ती आहे. हाडं मजबूत होतात म्हणे. ॲक्चुअली उलटं आहे. माणसाचं शरीर नको असलेलं कॅल्शियम शोषून घेणं कमी करू शकतं, पण कोवळ्या पिल्लाला ते नीट जमत नाही. जेवढं पोटात जाईल तेवढं बरंचसं आत. चांगल्या पपी-फूडमध्ये ते मोजून घातलेलं असतंच. वरून सिरप ओतलं की, विशेषतः मोठ्या जातींमध्ये, हाडांची वाढ वेडीवाकडी व्हायचा धोका. हे ताईच्या व्हेटने सांगितलं, ताईने मावशीला सांगितलं, आणि मावशीने दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकलं नाही.

दुसरा सल्ला, भरपूर खाऊ घाल, वाढत्या अंगाचा आहे. तर या विषयावर एक झकास प्रयोग झाला आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खायला घातलं, त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी दुसऱ्याला. आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले होते आणि त्यांची सांधेदुखीही बरीच उशिरा सुरू झाली होती. आपल्याकडचे ‘गुटगुटीत’ लॅब आठवा. लिफ्टमधून उतरताना धापा टाकणारे.

तिसरा सल्ला माझा होता. तिथे मी माती खाल्ली.

चिवडा सात महिन्यांचा झाला, अंगाने लांब, पायाने काटकुळा, टीनएजर पोरासारखा. ताईने बॅकयार्डमध्ये दोन बादल्यांवर झाडूचा दांडा आडवा ठेवला आणि तो वरून उडाला. व्हिडिओ आला. काय ती उडी! मी लगेच लिहिलं, ‘अजून वर ठेव ना, बघू तर!’ ताईने बादल्या उलट्या केल्या, त्यांवर विटा ठेवल्या. दुसरा व्हिडिओ. तिसरा. मी तो माझ्या मित्रांना फॉरवर्ड केला, सगळ्यांनी हार्ट पाठवले. चार दिवसांनी ताईचा फोन आला, रडत. चिवडा पुढचा पाय टेकत नव्हता.

एक्स-रे काढला. ताईने मॉनिटरवर पाहिलं, तर मनगटाच्या वर हाडाला आरपार काळी रेघ. दोन्ही हाडांना. ती तिथल्या तिथे खाली बसली. मोडलंय! व्हेट हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, हे मोडलेलं नाही, हे वाढणं आहे.

ती रेघ म्हणजे ग्रोथ प्लेट. मराठीत सोपं करून सांगायचं तर हाडाच्या टोकाजवळची मऊ कूर्चेची चकती. हाड लांब होतं ते तिथूनच. वाढ पूर्ण झाली की चकतीचंही हाड होतं आणि एक्स-रेतली रेघ जाते. लहान जातींमध्ये हे वर्षाच्या आत उरकतं. मोठ्या जातींना सव्वा-दीड वर्ष लागतं, आणि ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींना त्याहून जास्त. तोपर्यंत ती चकती आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि स्नायूबंधांपेक्षाही कमजोर. मोठ्या कुत्र्याचा जिथे पाय मुरगळेल तिथे पिल्लाची प्लेट चेपू शकते.

आणि चेपली तर? कुत्र्याच्या पुढच्या पायात आपल्या हातासारखीच दोन हाडं शेजारी शेजारी असतात. दोघांनी एकाच वेगाने वाढायचं. त्यातल्या एकाची, अल्नाची, मनगटाजवळची प्लेट शंकूच्या आकाराची असते. म्हणून धक्का बसला की ती बाजूला सरकत नाही, चिरडते. मग ते हाड वाढायचं थांबतं, शेजारचं मात्र वाढत राहतं आणि जायला जागा नाही म्हणून धनुष्यासारखं वाकतं. पाय वाकडा तो वाकडाच, नाहीतर ऑपरेशन. आणि उडी मारल्यावर कुत्रा उतरतो कशावर? पुढच्या दोन पायांवर.

चिवड्याची प्लेट शाबूत होती. नुसतं मुरगळण्यावर निभावलं. चार आठवडे पट्ट्यावरचं चालणं, पळापळ बंद. ते चार आठवडे मी ग्रुपवर फारशी फिरकले नाही. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. त्याचंच जास्त टेन्शन होतं.

म्हणून तिकडे नियमच आहे. केनेल क्लबच्या स्पर्धेत अठरा महिन्यांच्या आतला कुत्रा उतरवता येत नाही, आणि अमेरिकन केनेल क्लबची मर्यादा पंधरा महिन्यांची. मला आधी वाटलं होतं, काय बोअर लोक आहेत. पण याचा अर्थ दीड वर्ष सोफ्यावर बसवायचं असाही नाही. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा आजार जास्त दिसला. उलट मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत तो कमी. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लू फिगर स्केटिंग करतं आणि आपण रील काढतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही. ताईनेही मग क्लासमध्ये जमिनीवर ठेवलेल्या दांड्या ओलांडणं, बोगदा, वळणं, ‘थांब’ म्हटल्यावर थांबणं, एवढंच केलं. चिवड्याला बोगद्याचं वेड लागलं. आत जातो आणि बाहेर यायचं विसरतो.

दरम्यान दारावरच्या खुणा चढत होत्या. दहाव्या महिन्यात ४९. बाराव्या महिन्यात साडेएकोणपन्नास. आता थांबेल, सगळे म्हणाले. ताई रात्री झोपेत पन्नासचे आकडे मोजत होती म्हणे.

एवढं काय आहे पन्नासात? हिशेब करू. साडेएकोणपन्नास सेंमीच्या कुत्र्याला इंटरमीडिएटमध्ये ५० ची उडी, म्हणजे जवळपास आपल्या उंचीएवढी. तोच कुत्रा साडेपन्नास झाला की ६० ची उडी, म्हणजे उंचीच्या वर जवळजवळ वीस टक्के. आणि ही एक उडी नाही. एका राउंडमध्ये दहा-बारा, दिवसात तीन-चार राउंड, आणि सीझनचे वीकएंड वेगळे. त्याच ६० च्या दांडीवरून साठ सेंमीचा कुत्रा नुसता टांग टाकल्यासारखा जातो. सगळ्यात सुखी कोण, तर आपल्या गटाच्या वरच्या टोकाला असलेला. ३५ सेंमीचा स्मॉल कुत्रा ३० ची उडी मारतो, तर २५ सेंमीचा पॅपिलॉनही तीच मारतो. उंचीपेक्षा वीस टक्के जास्त. अर्थात पॅपिलॉन चार किलोचा फुलपाखरू, त्याला उतरताना धक्का किती बसणार. त्याचं दुखणं सी-सॉवर. एवढ्याशा वजनाने फळी खालीच जात नाही, बिचारा टोकाला जाऊन वाट बघत बसतो. आणि उंच कुत्र्यांनी फार हुरळून जाऊ नये. बोगद्याचा व्यास साठच सेंमी. आपला कारवान हाउंड शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकेल, पण त्या बोगद्यात त्याला गुडघे दुमडून शिरावं लागेल आणि नागमोडी खांबांत त्याचं कंबरडं अडकेल.

चिवडा सोळा महिन्यांचा झाल्यावर ताई त्याला मोजणीला घेऊन गेली. सपाट, कडक जागा, अंग सैल सोडून उभं राहायचं. याचीही लोक महिनोन्‌महिने प्रॅक्टिस करून घेतात, कारण घाबरलेला कुत्रा ताठ होतो आणि ताठ कुत्रा उंच भरतो. चिवडा मस्त उभा राहिला. शेपूट हलवत. निकाल : लार्ज. किती जास्त भरला ते ताईने विचारलंच नाही. घरी येऊन चौकटीवर मोजलं. ५० ची खूण आणि तिच्यावर अर्धा सेंटिमीटर.

मग सुरू झालं पोस्टमॉर्टेम. हा अर्धा आला कुठून? बापाकडून असेल. पण आणखी एक शक्यता आहे आणि ती ताईला जास्त छळते. रेस्क्यू सेंटरच्या कागदावर सही होती, सहा महिन्यांत नसबंदी करून घेणार म्हणून. तिने केली. आता वाढ थांबवायचा निरोप त्या चकत्यांना देतात ती लैंगिक हार्मोन्स. ती वेळेआधी गेली तर चकत्या थोड्या उशिरा बंद होतात आणि पाय थोडे जास्त लांबतात. हे संशोधनात दिसलेलं आहे. वर गोल्डन रिट्रीव्हरसारख्या जातींत फार लवकर नसबंदी केलेल्यांना सांध्यांचे आजार जास्त होतात, हे २०१३ च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात आलंय. पण रेस्क्यूवाल्यांचीही बाजू आहे. बेवारस पिल्लांचे ढीग तेच उचलतात. आणि चिवड्याच्या बाबतीत नक्की काय घडलं, ते कोणीच सांगू शकणार नाही. एकच चिवडा आहे, दुसरा करून बघता येत नाही.

‘माझं चुकलं का गं?’ ताईने विचारलं. त्या वेळी मला माझ्या बादल्या-विटा आठवत होत्या. मी म्हटलं, ‘ताई, तुझ्या चुका मोजायच्या तर माझ्यापासून सुरुवात कर.’ ती हसली. बऱ्याच महिन्यांनी त्या विषयावर आम्ही बोललो.

आता चिवडा वीस महिन्यांचा आहे. नवा एक्स-रे काढला, रेघा गेल्यात. ताईने ठरवलंय की ६० वर त्याला घालायचं नाही, निदान एवढ्यात तरी नाही. केनेल क्लबखेरीज इतरही संस्था स्पर्धा भरवतात, आणि काही ठिकाणी स्वतःहून खालची उंची निवडायची मुभा असते. मोठ्या किताबांचा रस्ता तिथून जात नाही, हे तिला माहीत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाच वाईट वाटलं. चिवड्याला काही फरक पडलेला दिसत नाही.

येत्या रविवारी त्याची पहिली स्पर्धा आहे. आपल्याकडे दुपारी अडीच वाजता. मावशीकडे सगळे जमणार, व्हिडिओ कॉल टीव्हीवर लावणार. मला ताईची ताकीद आहे, बघायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि ‘अजून वर’ हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मावशी विचारतेय, बोगद्यातून बाहेर नाही आला तर किती फॉल्ट?