उपाशीपोटीच्या रिपोर्टवर विसंबू नका

बोन मॅरो प्रत्यारोपण हा शब्द आता पेण-रोह्याला परका राहिलेला नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये देशातले पहिले प्रत्यारोपण झाले. आज टाटाचे हे काम आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये चालते. रक्ताच्या कर्करोगातून किंवा थॅलेसेमियातून सावरलेला रुग्ण गावी परततो, घरचे सुटकेचा श्वास घेतात. पण काहींना पुढे नवाच आजार गाठतो, तो म्हणजे मधुमेह.

दात्याच्या पेशी कधी कधी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. त्यांना आवरण्यासाठी स्टेरॉइड, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन अशी औषधे द्यावी लागतात. स्टेरॉइडमुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो. उरलेली दोन औषधे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवू देतात. थॅलेसेमियात तर वारंवार रक्त चढवल्याने साठलेल्या लोहाने स्वादुपिंडाला आधीच इजा झालेली असू शकते.

खरी फसगत तपासणीत होते. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर वाढते ती दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळपर्यंत. रुग्ण मात्र सकाळी उपाशीपोटी रक्त देतो, ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन एसटीने घरी जातो. नुकतेच रक्त चढवले असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणीही भरवशाची नसते. प्रतिकारशक्ती आधीच दबलेली. त्यात साखर चढली की जंतुसंसर्गाला आयतेच दार उघडते.

म्हणून अशा रुग्णाची साखर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहावी. ती २००च्या पुढे गेली, फार तहान लागू लागली, लघवी वाढली तर प्रत्यारोपण केंद्राला लगेच कळवावे. साखरेच्या धास्तीने स्टेरॉइड परस्पर बंद करू नये. ते जिवावर बेतू शकते. गरज पडल्यास काही काळ इन्सुलिन घ्यावे. औषधे कमी झाली की अनेकांची साखर उतरते.

आम्हा सरकारी डॉक्टरांनाही सवय बदलावी लागेल. दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पट्टी आणि एक परिचारिका एवढेच हवे. लाखोंच्या खर्चाने वाचवलेला जीव तेवढ्यासाठी पणाला लागू नये.