ऑपरेशन कधी, आणि कधी नको?



गेल्या वर्षी आमच्या मामूजानना कावीळ झाली. झाडपाल्याचे औषध झाले, तरी डोळ्यांचा पिवळेपणा जाईना. शेवटी सीटी स्कॅन केला. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, लिव्हरवरही गाठी होत्या. सर्जन म्हणाले, "ऑपरेशनचा फायदा होणार नाही."

मोठा मामेभाऊ भडकला. "शेत विकतो, पण ऑपरेशन करतोच. उद्या लोक म्हणतील, पैशासाठी बापाला सोडलं!"

आम्ही त्याच्यासोबत पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि नीट समजून घेतले.

कॅन्सर स्वादुपिंडापुरताच असेल, तर ऑपरेशन करतात. पण 100 पैकी 15 ते 20 रुग्णच या अवस्थेत सापडतात. काहींचा आजार दूर पसरलेला नसतो, मात्र शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना विळखा घालून बसतो. त्यांना आधी काही महिने केमो देतात. मग पुन्हा स्कॅन आणि रक्ताची सीए 19-9 तपासणी होते. आजार आटोक्यात असेल आणि अंगात ताकद असेल, तरच ऑपरेशनचा विचार होतो.

लिव्हरपर्यंत पोहोचलेल्या आजारात मूळ गाठ काढली तरी बाकीचा कॅन्सर राहतोच. शिवाय व्हिपल ऑपरेशन फार मोठे. स्वादुपिंडाच्या डोक्याबरोबर पित्ताशय, पित्तनलिका आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही काढावा लागतो. सावरायला कित्येक आठवडे जातात, तोवर केमो थांबते. आणि अशा रुग्णांना आधार असतो तो केमोचाच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात चार औषधांच्या केमोवर निम्मे रुग्ण 11 महिन्यांहून जास्त जगले. जुन्या एका औषधावर हाच काळ सुमारे 7 महिने होता.

मामूजानच्या पित्तनलिकेत दुर्बिणीतून स्टेंट बसवला. कावीळ उतरली, खाज थांबली, केमो सुरू झाली. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की, इतक्या वादात त्यांना कुणी विचारलेच नव्हते. विचारले, तर म्हणाले, "शेत राहू द्या. मला नातीच्या निकाहला बसायचंय."

ते बसले. पुढे काही महिन्यांनी अल्लाहला प्यारे झाले.

वाचक बंधू-भगिनींनो, अशी वेळ आली तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. आजार कुठवर पसरला आहे? ऑपरेशनने आयुष्य वाढेल की त्रासच वाढेल? केमोनंतर पुन्हा विचार होईल का? शंका वाटली, तर ही ऑपरेशने नेहमी होतात अशा मोठ्या कॅन्सर रुग्णालयात दुसरे मत घ्या. आणि घरच्या मशवऱ्यात आजारी माणसाला आधी बसवा. ऑपरेशनला नाही म्हणणारा मुलगा बापाला सोडत नसतो.