डीपीआय विचारता, फोकसचं काय?

स्कॅनिंगला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे याचा. ‘काका, बाराशेनं करा’, ‘चोवीसशेनं केलं तर किती घेणार?’ घरातल्या कुणा पोरानं पढवून पाठवलेलं असतं. फोकस कुठं लागतोय, असं मात्र राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि हे कोल्हापुरात! खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभारणाऱ्या गावात. आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, त्यांचं अर्धं राहिलेलं कॅमेरा बनवण्याचं काम बाबूराव पेंटरांनी पुरं केलं, ही गोष्ट इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

लोकांना वाटतं, स्कॅनरला कसला आलाय फोकस? तो काय कॅमेरा आहे? अहो, कॅमेराच आहे. काचेखाली जी पट्टी सरकत जाते, तिच्यात दिवा, आरसे, भिंग आणि सेन्सर असतो. घरगुती आणि दुकानातल्या बहुतेक मशीनमध्ये भिंगाचा फोकस कारखान्यातच ठरवून टाकलेला असतो, तो आपल्याला हलवता येत नाही. कागदासाठी तो काचेच्या वरच्या पृष्ठभागावर धरलेला असतो. फोटो काचेला सपाट टेकला की काम झालं. निगेटिव्हचं तसं नाही. ती काचेला चिकटली की इंद्रधनुष्यासारखी वलयं उमटतात, न्यूटनची वलयं म्हणतात त्यांना. म्हणून ती होल्डरमध्ये, काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर धरावी लागते. म्हणजे कागदाचा फोकस एकीकडं, फिल्मचा दुसरीकडं.

स्वस्त मशीन एकाच भिंगावर दोन्हीकडं भागवून नेतं. एप्सननं २००६ च्या व्ही ७०० मध्ये दोन भिंगं दिली: एक काचेवरच्या वस्तूसाठी, दुसरं होल्डरमधल्या फिल्मसाठी. कुठलं भिंग वापरायचं ते मशीन आपण मेन्यूत काय निवडलं त्यावरून ठरवतं. होल्डरमध्ये फिल्म ठेवायची आणि मेन्यूत काचेवरच्या फिल्मचा पर्याय निवडायचा, हा प्रकार मी चांगल्या शिकल्यासवरल्या ऑपरेटरांकडून पाहिलाय. मशीन तक्रार करत नाही. फाइल तयार होते, ग्राहक पैसे देतो.

होल्डरच्या पायांची उंची बदलता येते, तीही उगाच नाही. कारखान्यातून निघालेल्या दोन मशीनचा फोकस केसभर इकडंतिकडं असतो. त्यासाठी एकच निगेटिव्ह वेगवेगळ्या उंचीवर स्कॅन करायची, पायांखाली कागदाचे कपटे घालत जायचं आणि कुठं फिल्मचा दाणा सगळ्यांत उठून दिसतो ते पाहायचं. डार्करूममध्ये वडील एन्लार्जरखाली भिंग लावून हाच दाणा शोधायचे, आणि तो सापडल्याशिवाय पेपरला हात लावायचे नाहीत. स्कॅनरच्या बाबतीत मात्र आपण मशीनवर सोपवून चहा प्यायला जातो.

आता डीपीआयचा हिशेब बघा. पस्तीस मिलिमीटरची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. ती ६४०० नं स्कॅन केली तर साडेपाच कोटी पिक्सेल निघतात. पण फ्लॅटबेडचं भिंग प्रत्यक्षात त्याच्या निम्माही तपशील पकडत नाही, आणि फोकस हुकला तर तेवढाही नाही. तांबड्या रश्श्यात पाणी ओतून पातेलं भरल्यासारखं आहे हे. वर शार्पनिंग मारलं की कडा काळ्या होतात, लोकांना वाटतं स्पष्ट झालं. आजीच्या नथीतले मोती काही त्यानं परत येत नाहीत.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या घरांतून फ्रेम घेऊन लोक आले. ओल लागून फोटो काचेला चिकटलेले. ते ओढून काढायला गेलं की चेहराच काचेवर राहतो, म्हणून काचेसकट स्कॅन करायचे. इथं मशीनची जात कळते. अलीकडची पातळ, हलकी सीआयएस जातीची मशीन काचेला लागून असलेलंच नीट बघतात. फ्रेमची दोन मिलिमीटर काच मध्ये आली की सगळं धुरकट. जुनी, जाडजूड सीसीडीची मशीन एवढं अंतर बऱ्यापैकी सोसतात. ती भंगारात देऊ नका, एवढं तरी ऐका.

बांधीव दप्तरांचं दुखणं हेच. २०२३ साली मराठा-कुणबी प्रमाणपत्रांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळं राज्यभर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींची शोधाशोध झाली, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. जुनं बाड पातळ मशीनवर पालथं घातलं तर शिवणीजवळचा भाग काचेला टेकत नाही आणि तिथलीच अक्षरं फिसकटतात. मोडीत एक वळण पुसट झालं तर नाव बदलतं. अशा बाडांना वरून कॅमेरा लावावा, फ्लॅटबेडवर दाबून त्यांची पाठ मोडू नये.

‘डिजिटल झालं, आता निगेटिव्ह कशाला?’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. १९२९ साली इथंच सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांच्या नायट्रेट फिती २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या आगीत जळाल्या. मूळ गेल्यावर हातात प्रतच उरते. तिचा फोकस हुकलेला असेल तर तो पुन्हा लावायला जागा नाही.

म्हणून तालमी, मंडळं, वाचनालयं, जुने स्टुडिओ, ज्यांच्याकडं निगेटिव्हच्या पेट्या आहेत त्यांना सांगणं आहे. काम देताना नुसता डीपीआय लिहू नका. नमुन्याची एक पट्टी आधी करून घ्या, शार्पनिंग बंद ठेवायला सांगा, स्क्रीनवर शंभर टक्के मोठी करून मधोमध आणि चारी कोपऱ्यांत बघा. दाणा दिसला तरच पुढची पेटी उघडू द्या. आणि काम झालं की निगेटिव्ह मोजून परत घ्या.