पेशीतील अंगडिया

मानवी शरीरातील प्रत्येक पेशी ही एक गजबजलेली पेढीच होय. तिच्यात प्रथिने घडविली जातात, त्यांची तपासणी होते आणि मग ती ठरलेल्या जागी रवाना होतात. ही ने-आण पटलाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांतून चालते. अंगडियाने पुडके ज्याच्या नावाचे त्याच्याच हाती द्यावे, तशी ही पिशवी योग्य पटलाशीच जुळते आणि तेथेच रिकामी होते. प्रथिनाचा पत्ता त्याच्या घडणीतच लिहिलेला असतो, हे दाखविणारे गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पिशव्यांच्या वाहतुकीचे नियम उलगडणारे जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडॉफ २०१३ साली त्याच सन्मानाचे मानकरी ठरले.

ही वाहतूक दुहेरी आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने आत ओढली जातात. काहींची विल्हेवाट लागते, तर काही पुन्हा पृष्ठभागावर पाठविली जातात. इंटेग्रिन नावाची प्रथिने पेशीचे जणू हात. त्यांच्या आधाराने ती भोवतालच्या तंतूंना धरते आणि पुढे सरकते. सुटलेले हात आत घेऊन पुन्हा पुढच्या टोकाला पोहोचविण्याचे काम राब कुळातील प्रथिनांच्या देखरेखीखाली होते. मानवात ती साठाहून अधिक आहेत. त्यांपैकी राब-२५ अंडाशयाच्या आणि स्तनाच्या अनेक कर्करोगांत वाजवीपेक्षा अधिक आढळते, तर आतड्याच्या कर्करोगात ते उलट कमी झालेले दिसते. एकच सेवक घरपरत्वे वेगळा वागतो, म्हणूनच या रोगाला सरसकट एक उपाय लागू पडत नाही.

केवळ धरून भागत नाही. वाटही कापावी लागते. अवयवांच्या अस्तराखाली आधारपटल नावाची पातळ भिंत असते. कर्करोगाची पेशी एमटी१-एमएमपी नावाची कात्री पिशव्यांतून नेमकी आपल्या टोकदार उंचवट्यांवर आणून ठेवते आणि भिंतीला भोक पाडते. १९९० च्या दशकात अशा कात्र्या बोथट करणारी मॅरिमास्टॅटसारखी औषधे रुग्णांवर तपासली गेली. अपेक्षित लाभ झाला नाही, सांधेदुखी मात्र वाढली. कारण याच कुळातील कात्र्या निरोगी शरीरालाही लागतात. आता संशोधकांचे लक्ष कात्रीबरोबरच तिची पाठवणी करणाऱ्या यंत्रणेकडेही वळले आहे.

या सूक्ष्म विज्ञानाचा घराघराशी थेट संबंध आहे. भिंत शाबूत असेपर्यंत रोग जागच्या जागी असतो आणि बहुधा शस्त्रक्रियेने पूर्ण दूर होऊ शकतो. भिंत ओलांडल्यावर रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांचे मार्ग त्याला खुले होतात. कर्करोगाने होणारे बहुतांश मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर या प्रसारामुळे होतात. म्हणजे हाती असलेला काळ हाच खरा ठेवा.

तरीही स्तनातील गाठ लाजेपोटी लपविली जाते. तोंडातील न भरणारा व्रण ‘पर्युषण होऊ दे’, ‘लग्नकार्य उरकू दे’ म्हणत पुढे ढकलला जातो. ‘सुई लावली की रोग पसरतो’ ही भीती तर सर्वत्र आढळते. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याचा धोका अत्यंत क्वचित असतो, आणि तो टाळण्याची काळजी डॉक्टर घेतात. पेशी पसरते ती मुख्यतः स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या कात्रीने. तपासणी टाळल्याने तिला फक्त वेळ मिळतो.

तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, नवी गाठ, अकारण रक्तस्राव यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. तंबाखूचा त्याग तर व्रत म्हणूनही श्रेष्ठ आणि औषध म्हणूनही. देह हे धर्माराधनेचे साधन मानणाऱ्या समाजाने त्या साधनाची वेळीच निगा राखणे, हेही कर्तव्यच होय.