खटपट : पुसण्याआधी वाचा!



गेल्या खेपेला मिक्सरच्या कार्बन ब्रशवर लिहिलं होतं, त्यावर दोघातिघांनी विचारलं की स्वस्तातला चिप प्रोग्रामर मागवलाय, पण सेटिंग काय ठेवायचं? योगायोगाने त्याच आठवड्यात एडिसनच्या एका काकूंचा लॅपटॉप माझ्या बेसमेंटमध्ये येऊन पडला. तेव्हा आज त्याचीच कथा.

झालं असं, बायोसचं अपडेट चालू असताना वीज गेली आणि बॅटरी आधीच मेलेली. नंतर स्क्रीन काळी ती काळीच. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे सगळे फोटो त्यात, दुसरीकडे प्रत नाही. काकू म्हणाल्या, "मशीन गेलं तर जाऊ दे रे, फोटो तेवढे काढ."

बायोस मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या एका चिपमध्ये असतो. फोटो डिस्कवर असतात, चिपमध्ये नव्हे. मग काळजी कसली? तर हल्लीचे बरेच लॅपटॉप डिस्कला आपणहून कुलूप लावतात, आणि अनेक मॉडेलांत त्या कुलपासाठी लागणारी गुप्त माहिती याच चिपमध्ये साठवलेली असते. म्हणजे घाईने चिप पुसली की फोटो जागेवर आणि आपण दाराबाहेर!

म्हणून प्रोग्रामरला हात लावण्याआधी काकूंच्या मुलाला पुण्याला फोन लावला. अकाउंट त्यानेच उघडून दिलं होतं. त्यात शिरायला दीड तास गेला, पण ४८ आकडी रिकव्हरी की मिळाली. काकूंनी ती वहीत लिहून घेतली. मगच स्क्रू खोलले.

आता सेटिंग. क्रम महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

१) व्होल्टेज. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. भिंगातून चिपवरचं नाव वाचा. काकूंच्या चिपवर डब्ल्यू २५ क्यू १२८ जेव्ही असं होतं. ही २.७ ते ३.६ व्होल्टची. शेवटी व्हीऐवजी डब्ल्यू असता तर ती १.८ व्होल्टची, तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. एका अक्षराचा फरक, पण चुकलं तर चिप जळू शकते. सीएच ३४१ ए वर बनलेल्या स्वस्त प्रोग्रामरपैकी अनेक काळ्या बोर्डांवर चिपला ३.३ व्होल्ट मिळतात, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. तेव्हा जंपरवर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावून बघा.

२) क्लिप. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय. क्लिपची लाल तार तिथे.

३) चिपचं नाव. सॉफ्टवेअर स्वतः ओळखायचा प्रयत्न करतं. ओळख ईएफ ४० १८ आली तर बरोबर; सगळं एफएफ किंवा सगळं शून्य आलं तर क्लिप नीट बसलेली नाही. यादीतलं नाव मात्र स्वतः तपासा. १२८ ऐवजी ६४ निवडलं गेलं तर अर्धीच चिप वाचली जाते, आणि अर्धा बॅकअप काय कामाचा?

४) वाचन, तेही दोनदा. मध्ये क्लिप काढून परत लावायची. दोन्ही फाइली बरोबर १,६७,७७,२१६ बाइटच्या हव्यात आणि तंतोतंत सारख्या हव्यात. माझ्या पहिल्या दोन जुळल्याच नाहीत. क्लिपचे दात ब्रशने साफ केले, मग तिसरी आणि चौथी जुळली. एक प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवली.

५) 'ऑटो' बटण. पुसणं, लिहिणं, तपासणं एका क्लिकमध्ये. याला हात लावू नका! बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मित्राच्या मशीनवर हेच दाबलं होतं, न वाचता. मशीन चालू झालं, पण त्याचा सिरियल नंबर आणि नेटवर्कचा पत्ता कायमचे गेले. मित्र काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

६) लेखन. कंपनीच्या साइटवरची फाइल जशीच्या तशी चिपमध्ये ओतायची नाही. आपल्या बॅकअपमधला फक्त बायोसचा भाग बदलायचा, बाकीचं तसंच ठेवायचं. मग पुसा, लिहा आणि शेवटी व्हेरिफाय. ही खूण काढली तर लिहिलेलं खरंच उतरलं की नाही हे कळायचा मार्गच नाही.

रात्री साडेअकराला स्क्रीन उजळली आणि अपेक्षेप्रमाणे निळ्या पडद्यावर की मागितली. काकूंनी वही उघडून सहा-सहा आकडे वाचले, मी टाइप केले. आठ गट. आठव्यानंतर डेस्कटॉप आला, त्यावर काका महाबळेश्वरला मक्याचं कणीस खाताना.

काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "चहा टाकू का?" घर माझं, पण म्हटलं टाका.

तेव्हा मंडळी, प्रोग्रामर पुढच्या महिन्यात आणलात तरी चालेल. रिकव्हरी की मात्र आजच कागदावर उतरवा, आणि फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा. काकूंची मी त्याच रात्री काढून दिली.

चूकभूल द्यावी घ्यावी. तूर्तास एवढंच.

ता.क. : १.८ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर माझ्याकडे जास्तीचा आहे. जवळपास कोणाला हवा असल्यास कळवा. भाडं एक वाटी चिवडा. :-)