हिऱ्यावाचून अडतं का?

सांताक्रूझचं नाव मिरवणारी, पण उभी मात्र अंधेरीत, अशी सीप्झ वसाहत 1973 साली इलेक्ट्रॉनिक्ससाठी सुरू झाली. आज तिथून हिऱ्यांचे दागिने परदेशी जातात. आपल्या साखरपुड्यात हिरा हवाच, हा हट्ट मात्र अलीकडचा. डी बिअर्स या हिरे कंपनीच्या 1947च्या घोषवाक्यानंतर जगभर फोफावलेला. प्रयोगशाळेतला हिराही अस्सल कार्बनच, शिवाय खूप स्वस्त. पण विकायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. (खाणीतला विकतानाही सराफाचा चेहरा पाहा!) मला विचाराल तर शुद्ध सोन्याचं साधं वेढणं घ्यावं. घडणावळ कमी, मोडताना वजनाला भाव. खड्याचीच हौस असेल तर माणिक आहे, मोती आहे. फक्त मोती रोज वापरू नका. घामाने, अत्तराने तो निस्तेज होतो.